नऊ बाय बारा, साधी काच

टेंभी नाक्याचं दुकान रिकामं करताना
बापाची सेहेचाळीस सालची वही सापडली.
सरसाचे डाग, कडेला वाळवीने काढलेली खाडी,
आणि सात वेळा, वेगवेगळ्या तारखांना,
एकच नोंद:
नवगावकर. पाय. नऊ बाय बारा. साधी काच. पैसे नाहीत.

हाईम नवगावकर मला अर्धेच आठवतात.
मी सहा वर्षांचा, माझे डोळे त्यांच्या कोटाच्या खिशाच्या उंचीवर,
आणि खिशात पेन्सिलींची थोटकं, काडीपेटीत मावतील एवढी.
शनिवार सोडून रोज यायचे.
लढाईवर शनिवार पाळता आला नाही, म्हणायचे;
तिथल्या शनिवारांची चित्रं वेगळ्या सुतळीने बांधलेली,
ती गाठ त्यांनी आमच्यासमोर कधी सोडली नाही.

ब्रह्मदेशात अडीच वर्षं.
वर्तमानपत्राला आठवड्याला एक मजकूर, दोन चित्रं.
पावसात कागद फुगायचा, म्हणून तो पोटाशी, सदऱ्याच्या आत.
शाई संपली की चहाचा चोथा,
चहा संपला की चिखल.
सेन्सॉरचा साहेब ब्लेडने खरवडायचा
नदीचं नाव, टेकडीची उंची, खेचरांचा आकडा.
हे पुन्हा लिहायचे, तो पुन्हा खरवडायचा.
एका कागदाला तिथे आरपार भोक आहे.
"मेलेलं खेचर मी मेलेलंच काढलं, दाजी.
ते म्हणाले, उभं करा.
नाही केलं."
एवढं सांगताना मात्र ते ताठ बसायचे.

मग बाळकुमची एक बाई आली, डोक्यावर बोंबलांची पाटी.
कुणी सांगितलं होतं तिला, इथे लढाईतली माणसं बघायला मिळतात.
तिच्या घरी तार आली होती, माणूस आला नव्हता.
पाटी उंबऱ्यावर ठेवली, हात पदराला पुसले,
आणि मासळी निवडावी तशी ती चित्रं निवडत गेली,
तोंड बघून बाजूला, तोंड बघून बाजूला.
एका कागदावर थांबली.
कांबळ्याबाहेर आलेले दोन पाय. नुसते पाय.
अंगठे जरा फाकलेले.
"ह्ये माजे पोराचे पाय हान."

नवगावकर काहीच बोलले नाहीत.
बाप त्यांच्याकडे बघत राहिला.
बऱ्याच वेळाने ते म्हणाले,
"चौकट करून दे त्यांना."

वही नसती तर मी इथेच थांबलो असतो.
पण पुढच्या महिन्यात खारेगाव, मग ओवळे,
मग दिव्याहून होडीने आलेला एक म्हातारा,
ज्याने कागद नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि मान हलवली.
अनवाणी चालणारी गावं ही.
सगळ्यांचेच अंगठे फाकलेले.
आणि रात्री बत्तीखाली नवगावकर
तेच पाय पुन्हा काढत बसायचे, चहाच्या चोथ्यात,
कागद जुना दिसावा म्हणून.
खेचर उभं न करणारा माणूस.

मोठा झाल्यावर बापाला विचारलं होतं, हे खोटं नव्हतं का?
तो पट्टीचा कोपरा जुळवत होता.
"पंचेचाळीस अंशात कापलं की बसतं," म्हणाला.
"फट राहिली तर भुसा भरायचा, सरसात कालवून.
सगळेच भरतात."
आणि फुंकर मारून त्याने कोपरा पुसला.

आठवी चौकट माळ्यावर निघाली. वहीत तिची नोंद नाही.
काच तडकलेली, खिळे गंजलेले.
मागचा पुठ्ठा सोडवला तर कागदाच्या पाठीवर
पेन्सिलीने बारीक अक्षर,
कुठेही खरवडलेलं नाही:

दुपारी पावणेतीन. पलटणीतला कुणी, झोपलेला.
नाव विचारायचं राहिलं.
सहाला उठला, चहा मागितला.
चहा मी या चित्रात संपवला होता.