पुन्हा लीगल

सावद्याच्या केळी सोसायटीतला प्रिंटर चालतो चांगला,
फक्त सकाळी कालचं विसरतो.
मी ए-फोर करून जातो,
तो उजाडता लीगल होऊन बसलेला.
कागद आखूड, पावती लांब:
घड, वजन, कटती, हमाली, सगळं उमटतं
आणि शेवटची ओळ कागदाबाहेर पडते.
एकूण नसलेली पावती धरून
ट्रकवाला काउंटरवर उभा,
"याचं करू काय मी, भो?"

भुसावळहून ही तिसरी फेरी.
फैजपूरपर्यंत दोन्हीकडे केळीच्या बागा, मधे मऊ पडलेलं डांबर,
हेल्मेटमध्ये डोकं उकडलेलं.
पहिल्यांदा प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बदललं,
अप्लाय, ओके, वर दिमाखात चहा.
दुसऱ्यांदा ड्रायव्हर उपटला, नवा लावला,
रोलर पुसले. रोलरचा काही संबंध नव्हता,
पण गिऱ्हाइकासमोर काहीतरी पुसावं लागतं.
सचिव पुंडलिक नेहेते चष्म्यावरून म्हणाले,
"मागच्या खेपेलाही झालं म्हणाले होते तुम्ही."

म्हणून आज मुक्काम.
सर्व्हर लाकडी कपाटात,
अंगावर दसऱ्याची हळद, पाठीमागे सुकलेला झेंडू.
रात्रपाळीला सुभान तडवी, पालचे.
त्यांनी कळण्याची भाकरी मोडून अर्धी मला दिली
आणि प्रिंटरकडे पाहून म्हणाले,
"रात्री उंदीर येत असंल."

अडीचला लाइट गेली.
यूपीएस केकाटला, मग थकून गप्प.
डास, घाम, दूर मालगाडीचा खडखडाट.
पाच चाळीसला लाइट आली.
सर्व्हर खाकरत उठला,
काळ्या चौकटीत दोन पांढऱ्या ओळी सरकल्या
आणि पापणी लवायच्या आत गेल्या.
पाहतो तर, लीगल.

"घावला का उंदीर?"
उंदीर नव्हता. आठ ओळींची फाइल होती,
दोन हजार नऊची, नाव "सकाळ".
डोक्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी:
हे पुसू नये. दमयंती वारके.

साडेसातला फोन लावला.
त्या आता जामनेरला, मागे कुकरची शिट्टी.
"अगं बाई, अजून चालतंय ते?
तेव्हा रोज रात्री लाइट जायची हो,
सकाळी प्रिंटर कोरा, काही म्हणता काही आठवायचा नाही.
मुलगी तान्ही, माझी साडेसातची बस हुकायची,
लोक पावतीसाठी ताटकळत.
शिपाईदादांना माउस धरवायचा नाही.
मग त्यालाच शिकवून ठेवलं,
उठलास की आधी एवढं आठव."
जरा थांबल्या.
"लीगलच आहे ना? लांब कागद बरा.
खाली अंगठ्याला जागा राहते."

तीन फेऱ्या मी जिला शिव्या घातल्या
ती एका बाईची हुकलेली बस होती.

डिलीटवर बोट होतं, ते उचललं.
एकच शब्द बदलला, लीगलच्या जागी ए-फोर.
अक्षर दोन घरं बारीक केलं, अंगठ्यासाठी.
बाकी सात ओळी तिच्या, नाव तिचं.
माझं खाली लिहावं का, ते ठरेना; राहू दिलं.
कधीतरी कागद पुन्हा बदलेल,
यावलचं एखादं पोरगं उन्हातून येईल,
तीन फेऱ्या मारेल, मला रांडेचा म्हणेल.
म्हणू दे.

सर्व्हर मुद्दाम बंद केला, पुन्हा उठवला.
चाचणीची पावती निघाली, गरम:
वजन शून्य, कटती शून्य, हमाली शून्य,
एकूण शून्य.
सुभानभाऊंनी ती दाराच्या उजेडात धरली.
"शून्यच आलं की राव."
"हो," मी म्हटलं, "पण आलं."

खाली चार बोटं कागद मोकळा होता.