तत्रैव

डाव्या समासाला दीड इंच सोडायचे,
बाकी तिन्ही बाजूंना एक.
बाईंडर शिलाईत ओळींची पहिली अक्षरं खातो,
हे मी बावीस वर्षं सांगत आलेय
नारायण पेठेतल्या या बोळात,
जिन्याखालच्या साडेसहा फुटांत,
सबमिशनच्या आदल्या रात्री
तांबारल्या डोळ्यांनी येणाऱ्या सगळ्यांना.

उत्पला ओव्हाळ मात्र दीड महिना आधी आली.
पेनड्राइव्ह, केळ्याचे वेफर्स
आणि गाइडच्या शेऱ्यांचा गठ्ठा:
‘आडनाव आधी. स्वल्पविराम. मग नाव.’
‘ग्रंथाचं नाव तिरपं, लेखाचं सरळ.’
‘हे कुठून? पृष्ठ?’
‘हे कुठून?’
‘हे कुठून?’
हुपरीकर सरांचा शेरा म्हणजे
दार उघडेपर्यंत बेल दाबून धरणं.

विषय: तांबट आळीतली अवजारं आणि त्यांची नावं.
आम्ही वाचत नाही, नुसतं बघतो,
शिंपी जसा माणूस सोडून माप बघतो.
प्रकरण तीन, तक्ता सात मोडला होता,
तो पुन्हा टाइप करायला घेतला.
खरवई. मोगरी. मठार.
आणि तिच्या पानाकडे बघायच्या आधीच
माझ्या बोटांनी पुढचा शब्द टाकला.
बरोबर निघाला.

खाली तळटीप: एका मोठ्या माणसाचा प्रबंध,
दोन हजार चार, पृष्ठ एकशे बारा.
त्याच्या खाली
तत्रैव.
तत्रैव.
तत्रैव.

तो प्रबंध मीच टाइप केला होता.
जुनी सीडी लावून बघितली, फॉन्ट मेलेला,
हंडा होता तिथे उद्गारचिन्हं आणि डॉलर.
पण एवढं आठवत होतं,
तक्ता त्यांच्या अक्षरात नव्हता.
शंभर पानी वही, जांभळी शाई, कडेला चिंचेचा डाग.
‘एवढं यातून उतरवा,’ म्हणाले, ‘वही मग नेतो.’
नेली नाही.
मी विचारलं नाही.
पानाला सहा रुपये मिळायचे,
कोणाचं कोण घेतंय हे बघायचे
त्यात धरलेले नव्हते.

खालचा ड्रॉवर. मेलेल्या प्रिंटरची वॉरंटी, तुटकी पट्टी,
आणि तळाशी ती:
कु. शशिकला वडके, इयत्ता नववी ब,
‘बाबांच्या दुकानातले शब्द’.

उत्पला बराच वेळ गप्प. मग हळूच,
‘पृष्ठ कुठलं लिहू?’
वहीला क्रमांकच नव्हते.
आम्ही पेन्सिलने घातले, कोपऱ्यात, बारीक.
मधेमधे बीजगणिताचं कच्चं काम,
आणि पृष्ठ एकतीसवर:
‘बाबा म्हणतात मुलींना ठोके मोजता येत नाहीत.
एका हंड्याला चार हजार एकशे सहा.
जेवायला उठले तेवढे सोडून.’

आळीत विचारून आली.
कोणी म्हणालं लग्न होऊन भोरला,
कोणी म्हणालं तळेगाव, नक्की नाही.
शोधतेय अजून.

तोवर नोंद तरी हवी.
वडके, शशिकला. हस्तलिखित वही. तारीख नाही.
खाजगी संग्रह.
इथे तिची बोटं थांबली.
‘ताई, कोणाचा ते लिहावं लागतं.’

एवढे प्रबंध गेले हाताखालून.
ऋणनिर्देशात, देवाच्या आणि कुत्र्याच्या नंतर,
‘सुबक टंकलेखनासाठी’ एवढीच मी, तीही बिननावाची.
कीबोर्ड ओढला.
आडनाव आधी. स्वल्पविराम.
‘अ’ दोनदा चुकला माझा.

पुढच्या तळटीपेला ती सवयीने
तत्रैव टाकायला गेली.
म्हटलं, थांब.
पूर्ण नाव लिही परत. त्याच्या खालीही.
सरांना काय सांगायचं ते सांग.
पानं वाढली तर वाढू देत,
समासाचं मी बघते.