पूर्व भागातला एक ग्रीक शब्द

पाळकसाहेब मिरजेला, दवाखान्यात;
म्हणून बुधवारचा अभ्यास माझ्या गळ्यात पडला.
मी शांतवन हिवाळे, वीज ऑफिसातला,
बिलाच्या रांगेला खिडकीतून तोंड देणारा.
मला ग्रीक कुठलं येतंय.

मिशनच्या बाई जाताना ठेवून गेल्या तो कोश
अजून कपाटात आहे.
वाळवीने अल्फा खाल्लाय, निम्मा बीटासुद्धा.
माझा शब्द बराच पुढे, म्हणून वाचला:
प्रोस्कार्तेरेओ.
म्हणताना जीभ अडते,
सात रस्त्यावर रिक्षा अडावी तशी.

आपल्या मराठीत तिथे 'तत्पर' छापलंय.
पहिली मंडळी प्रार्थनेत कशी होती? तत्पर.
तत्पर म्हटलं की मला आमच्या ऑफिसातली पाटी दिसते,
'आपल्या सेवेस तत्पर',
आणि पाटीखालची रिकामी खुर्ची.

कोश म्हणतो: प्रोस म्हणजे कडे, लगत.
उरलेल्यात बळ आहे.
कुणाच्या तरी लगत, बळ लावून, टिकणं.
आणि खाली बारीक अक्षरात:
हाच शब्द एकदा एका होडीला लागलाय.
गर्दी एवढी की चेंगरायची भीती,
तेव्हा त्याने शिष्यांना सांगितलं,
एक लहान होडी जवळ असू द्या.
होडीने करायचं काय? काही नाही.
काठाशी असायचं.
त्या दिवशी तो तिच्यात चढला का,
कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

मंगळवारी रात्री झोप येईना.
मी जवळून पाहिलेली होडी एकच,
कंबर तलावातली, जलपर्णीत रुतलेली,
तिकिटाच्या टपरीला टाळं.
ती टिकून होती का अडकून,
ओळखायचं कसं?
सलोमीला विचारलं.
ती म्हणाली, बारा वर्षं तुमच्या आईचं अंग पुसतेय,
मलाही कधी कधी कळत नाही.
आणि कूस बदलून झोपली.

बुधवारी दुपारी मीटरच्या तक्रारीवर
राजेशम येमुलच्या कारखान्यात गेलो.
टॉवेलचे आठ माग. सात धडधडत होते.
आठव्यावर जुना बीम संपलेला, नवा चढवलेला,
आणि मधे पाटावर बसून राजेशमची थोरली बहीण
बोटांना राख लावून
जुन्या धाग्याचं शेपूट नव्या धाग्याला पिळत होती.
एक. मग एक.
बावीसशे धागे.
शेजारी नात, शाळेच्या गणवेशात,
धाग्यांची जुडी ताणून धरलेली.
पोरीची मूठ सैलावली की म्हातारी
मान वर न करता म्हणायची,
वदलकू.

म्हणजे काय हो?
सोडू नको, राजेशम म्हणाला.
काय सोडू नको?
हसला. हातात जे असेल ते, साहेब.
जुनं शेपूट सुटलं
तर फणीतून पहिल्यापासून ओवत बसा.
हा ताणा आमच्या वडिलांनी भरलेला.
त्यातलं सूत केव्हाच टॉवेल होऊन गेलं,
कुणाकुणाची तोंडं पुसून फाटलंही असेल,
ताणा काही संपलेला नाही.
मग मीटरकडे वळून त्याने मला
आकडे वाचायला लावले.

संध्याकाळी चर्चमध्ये अकरा जण,
पंखा एक, डास पुष्कळ.
कोश उघडला, मिटला.
होडीचं सांगितलं, राखेचं सांगितलं,
वदलकू सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं.
तलावाचं सांगितलं नाही.
मार्थामावशी म्हणाल्या, एवढंच होय?
त्यांना भक्ती म्हणजे काहीतरी मोठं हवं होतं.
सलोमी आली नव्हती.
आईजवळ कुणीतरी लागतं.

घरी आलो तर खोलीत अंधार.
आई झोपेत कुणाला तरी हाक मारत होती, आमच्यातलं कुणी नव्हे.
सलोमी खाटेच्या लगत, बसल्या बसल्या डुलकी लागलेली,
एक हात आईच्या हातात.
कुणी कुणाला धरलं होतं, दिसलं नाही.

बादलीतलं पाणी अजून कोमट होतं.
मी बाह्या वर केल्या, फडका पिळला.
मला हे येत नाही,
ग्रीकसारखंच.