मिनिटाला किती लिटर

सियागंजात मुफद्दलभाईंच्या दुकानात
काउंटरवर तीन कंप्रेसर मांडलेत
आणि मी चष्मा पुसून बसले आहे.
स्थळ बघायला आल्यासारखं वाटतं,
पहिल्यांदाच बघणाऱ्यांच्या बाजूने.

पहिला नारिंगी, टिफिनच्या डब्याएवढा,
अंगावर सोनेरी आकडा: दीडशे पौंड दाब.
दीडशे कुणाला हवेत, भाई?
माझ्या जीपला बत्तीस पुरतात,
चोरलच्या वाळूत तर सोळाच.
दाब राहू दे, मिनिटाला किती लिटर ते सांगा.
मुफद्दलभाई टोपी मागे सारतात.
प्रश्न त्यांना आवडलेला दिसतो,
उत्तर ठाऊक नसावं.

गेल्या रविवारी असाच एक नारिंगी नेला होता,
प्रमिलावन्संना लकी ड्रॉमध्ये लागलेला.
पात्रात उतरताना हवा सोडली,
चारही चाकांची, फुस्स, सहा मिनिटांत,
आणि जीप चालली वाळूवरून
उंटासारखी, तळवे पसरून.
सोडायला काय, वन्सं म्हणाल्या, काडी पुरते.
परत भरताना तिसऱ्या चाकाशी
नारिंगीला घाम फुटला,
जळक्या प्लास्टिकचा वास, आणि लायटरच्या भोकातला फ्यूज गेला.
मग पायपंप, आणि वन्सं, गुडघ्याला पट्टा बांधून.
दर शंभर ठोक्यांना सासूबाईंचं एक वाक्य आठवायचं,
त्याने जोर येतो म्हणाल्या.
वाक्यं पुरून उरली.
चौथं चाक चोवीसवर आलं तेव्हा
सिमरोलला दिवे लागले होते.

दुसरा निळा. तार लांब, नळी आखूड.
मी पर्समधून लोकरीचा धागा काढते,
घरून मापून आणलेला:
बॅटरीपासून मागच्या उजव्या चाकापर्यंत, वळण धरून.
निळा दीड हात कमी पडतो.
भाई धाग्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात,
निळा मुकाट्याने खोक्यात जातो.

तिसरा दिसायला अगदीच मठ्ठ.
काळा, दोन सिलेंडरचा, पाट्यासारखा जड.
चिमटे थेट बॅटरीला, लायटर-बियटर नाही.
अर्धा तास चालतो, मग पंधरा मिनिटं
गार व्हायला मागतो.
माझ्यासारखाच, मी म्हणते.
नाही ताई, भाई म्हणतात, हा सांगून थांबतो.

किंमत ऐकून मी पंख्याकडे बघते.
चालवून दाखवा.

पण चाक कुठलं?
बाहेर देवीसिंगची हातगाडी उभी,
वर पाण्याच्या मोटरींची सात खोकी,
डावं चाक दिवाळीपासून बसकं.
इधर ला भिया, भाई ओरडतात,
स्वतः बॅटरी ओढत पायरीपर्यंत आणतात.
मी घड्याळ धरते, आणि माझा स्वतःचा काटा,
कारण यंत्राला लावलेला काटा
चार पौंड तरी वाढवून सांगतो.
घर्रर्र.
शेजारचा सुतळीवाला कान धरून बाहेर येतो.
गाडी डावीकडून हळूहळू उठते,
खोकी सरळ होतात
आणि देवीसिंग तिच्याकडे असा बघतो,
जशी ती इतके महिने मुद्दाम लंगडत होती.

पन्नास सेकंद. मी कागदावर लिहिते.
तो वाकतो, अंगठ्याने रबर दाबतो.
थोडी कम करो बाई,
पालद्यापर्यंत डांबर तापतं, अंदर फूलती है.
एकतीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिते आहे,
दाब, तापमान, मधे बरोबरचं चिन्ह.
काडी शोधायला पर्स उघडते
तोवर त्याने नखाने दोन पौंड सोडलेसुद्धा.
काटा लावते. अठ्ठावीस.
किती हवी होती?
इतनीच.

काळा घेतला. नोटा दोनदा मोजल्या, भाईंनी तिसऱ्यांदा.
गाडी कहाँ है? देवीसिंग विचारतो
आणि उत्तराआधीच खोकं उचलून
सात खोक्यांवर आठवं ठेवतो.
सियागंजच्या गर्दीतून मी त्याच्या मागे.
तो एका हाताने ढकलतो आहे,
दुसऱ्याने तंबाखू मळता येते का बघतो आहे.