काळं लोखंड

बावन्नाव्या वर्षी घण उचलायचं काय सुचलं तुला,
थोरल्या बहिणीने अकोल्याहून विचारलं.
घण नव्हे गं, हातोडा. दोन पौंडांचा.
आपला वरवंटा याहून जड होता.

क्रॅडली हीथ. कालव्याकाठची विटांची शेड.
दर शनिवारी नऊ ते एक.
ॲप्रन त्यांचं, बूट आपले,
नायलॉन नको, केस बांधलेले.

शिकवणारा ट्रँटर, वय सत्याहत्तर,
डाव्या कानाने ठार बहिरा.
याच गल्लीत त्याची पणजी म्हणे
परसातल्या भट्टीवर साखळीच्या कड्या जोडायची,
शेजारी टोपलीत तान्हं पोर.
तुम्ही काय करता? त्याने विचारलं.
मी म्हटलं, कौन्सिलच्या पगारखात्यात आकडे जोडते.
जोडणं येतं म्हणजे तुम्हाला, तो म्हणाला,
आणि भाता माझ्या हाती दिला.

प्रश्न ऐरणीवर आला, ऐरणीवर आला
असं वर्तमानपत्रांत जन्मभर वाचलं.
ऐरण मात्र आज पाहिली.
तिच्यावर प्रश्न नव्हता, हातभर सळई होती,
आणि सळईला माझी घाई कळत होती.

रंग दिसावेत म्हणून दिवे घालवतात.
आधी काळपट लाल, डाळिंबाच्या सालीसारखा,
मग शेंदरी, मग झेंडू,
मग पिकल्या लिंबाचा पिवळा. तिथे थांबायचं.
मी थांबले नाही.
टोकातून फुलबाजी उडाली, शेडभर उजेड,
सगळे म्हणाले, वा!
ट्रँटर म्हणाला, जळालं.
दुसरी सळई घ्या.

हातोडा असा आवळून नाही धरायचा.
पाखरू धरल्यासारखा धरा,
उडणार नाही, मरणारही नाही.
आठ घाव, फार तर दहा, की लोखंड हट्टाला पेटतं,
नव्हे, विझतं,
पुन्हा भट्टीत, पुन्हा वाट.
ठोकण्यापेक्षा थांबण्यातच सकाळ जाते
हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला एक तुकडा खाली पडला.
बोटभर, काळा, गरीब.
पडलेलं उचलायची माझी जन्माची खोड.
उचलला.

नळाखाली हात धरून वीस मिनिटं
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिले.
ट्रँटर बाजूला उभा, रागावला नाही.
लाल लोखंडाने कुणी भाजत नाही, म्हणाला,
लाल दिसतं.
भाजतं ते काळं.
कशालाही हात लावण्याआधी
हात उलटा करून जवळ न्यायचा, टेकवायचा नाही.
आच आली तर कळतं.

हे तर मला येत होतं की!
केतकीचा ताप मी अशीच बघायची,
रात्री दोन वाजता, दिवा न लावता.

घरी आले तर जयवंत टेबलाशी बसलेला,
नोकरी गेल्यापासून बसतो तसा,
चहावर साय धरलेली.
मी पट्टी बांधलेला हात उलटा केला,
त्याच्या पाठीजवळ नेला, टेकवला नाही.
काय करतेस?
काही नाही, म्हटलं.
आठ महिने मी त्याला थंड समजत होते.

पाचव्या शनिवारी हूक झाला.
टोकाला शेपटीसारखा पीळ, मधेच एक चेपलेली जागा,
तिथे मी चुकून ऐरणीच्या कडेवर मारलं होतं.
टेबलावर ठेवला. झारा अडकवायचा होता, एवढंच.
जयवंतने बराच वेळ पाहिला.
मग हात उलटा करून जवळ नेला. मी शिकवलं नव्हतं.
वाकडा आहे, म्हणाला.
हूक वाकडाच असतो, मी म्हटलं.

तो हसला वगैरे नाही.
उठून गॅरेजमध्ये ड्रिल शोधायला गेला.
ड्रिल सापडलं नाही,
पण कितीतरी वेळ तिकडून आवाज येत होता,
डबे सरकवल्याचा,
लोखंडावर लोखंड.