नमुना

शाल्मली दिंडोरीहून आली ती
टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन.
लेबल नाही. काचेवर खडूने फक्त साल.
"सिराह आहे, बाबा. तापलेल्या वर्षाची.
आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये,
वाशीची हवा हिला मानवायची नाही."

कैरीचं पन्हं आणि कालची आमटी,
त्यांच्यामध्ये ती पाहुणीसारखी अंग चोरून उभी.
पेले खालच्या कुट्टींकडून आणले,
लांब दांड्याचे. कसे धरायचे
ते कुट्टींनाही माहीत नव्हतं.

तिने ते साल सांगितलं:
फेब्रुवारीतच डोंगर पांढरे पडले,
घड वेळेआधी काळे झाले,
माणसं रात्री दोनला कपाळाला दिवे बांधून वेलींत शिरली
आणि तरी द्राक्षं हाताला कोमटच.
ऐकताना मला इकडचं तेच साल आठवत होतं.
मसाला बाजारात डांबर चपलेला चिकटायचं.
पोती उतरवून हमाल
गाळ्याच्या सावलीत गोणपाटावर आडवे व्हायचे,
कुणी कुणाशी भांडत नसे, इतकं ऊन.

"आता हुंगा. आणि खरं सांगा."

खरं सांगणं हा तर माझा धंदा.
चौतीस वर्षं पोत्यात परखी खुपसून
तळहातावर आलेली मिरी मी दाताखाली फोडली,
वायनाडची, कूर्गची, थोडी कोकणातली.
मापात तिचं वजन किती भरेल,
पाण्यात टाकली तर किती तरंगेल,
आणि पपईच्या बिया मिसळणाऱ्याचा चेहरा,
हे मला डोळे मिटून कळायचं.

हुंगलं.
आधी जांभूळ. झाडाखाली पडून फुटलेलं, दुपारचं.
मग काकवी, कढईच्या कडेला लागलेली.
वाळलं अंजीर. नव्या चपलेचं कातडं.
घोट तोंडात फिरवला,
आमसुलाने ओढतात तसे गाल आत ओढले,
आणि घशात ऊब बसून राहिली
शेकोटी विझली तरी न उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

"मिरी लागते का?"

सगळ्यांना लागली म्हणे.
मुंबईहून आलेल्या दोन टायवाल्यांना,
मालकाला, मालकाच्या मेहुण्याला.
सिराहमध्ये मिरी असतेच, असं ठरलेलंच आहे.

मी दुसरा घोट घेतला. तिसरा.
जिभेचा तो कोपरा, उजवा, मागचा,
जिथे मिरी आली की दिवा लागतो,
तिथे अंधार.
"नाही," म्हणालो. "जांभळाचं पोतं गच्च भरलंय,
पण मिरीचा एक दाणा नाही."

खाडीला ओहोटी लागली होती.
चिखलाचा वास गॅलरीत आला, थांबला, गेला.
"नाहीच आहे, बाबा.
मिरी असते ती सालीत,
आणि त्या साली सालच करपली.
मी प्रयोगशाळेत मोजून सांगितलं.
मालक म्हणाले, लेबलवर मिरी लिहायचीच."

असलेलं कुणाच्याही जिभेला लागतं.
नसलेलं लागायला जीभ बरीच भाजावी लागते.
हे तिला म्हणालो नाही.
म्हणालो, "माल वाईट नाही.
गोड माणूस आहे, जरा बडबड्या.
दर थोडा उतरव, आणि खरं लिही."

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

मग मला राहवलं नाही.
सदऱ्याच्या खिशात चार दाणे असतात,
बाजार सोडून सहा वर्षं झाली तरी.
एक फोडला, वर घोट घेतला.
दिवा लागला.
लोळत पडलेलं जांभूळ उठून बसलं.
काकवीला कंबर आली.

"ही भेसळ आहे, बाबा.
पपईच्या बियावाल्यात आणि तुमच्यात फरक काय?"

फरक सांगायला तोंड उघडलं
आणि शब्द सापडेना.
तिने तळहात पुढे केला होता.
मी त्यावर एक दाणा ठेवला,
सवयीने, आधी बोटात तोलून.