बटाट्यांचा काटा

बर्चवर आदळलेली झापोरोझेत्स
लेम्बितने तीन पोती बटाट्यांना दिली.
बाबांनी इंजिन तेवढं उचललं,
बाकीची तिथेच गवतात.

सांगाडा कोलखोझच्या गोठ्यातल्या दुधाच्या नळ्यांचा.
वेल्डिंग तापलं की
आंबूस वास सुटायचा.

मग त्यांना हलकेपणाचं वेड लागलं.
तुकडान् तुकडा बटाट्यांच्या काट्यावर चढायचा.
पेडलला भोकं, सीटच्या पत्र्याला भोकं.
आई म्हणाली, "उद्या चमच्यांनाही पाडाल."
पाडली. एकाला.
तळातले बटाटे उपसायला तो बरा पडला.

एप्रिलात बर्फ उतरला, माळाचा चिखल झाला,
आणि बाबा स्वतः काट्यावर उभे राहिले.
एकशे चार.
बराच वेळ खाली बघत होते,
आपल्याला कुठे ड्रिल लावता येईल
ते शोधत असल्यासारखे.
मग हेल्मेट माझ्या डोक्यात घातलं.
"उर्वे, तू बस."

क्लच सोडला.
चारी सिलिंडर लाह्यांसारखे तडतडले,
तोंडावर चिखल, दातांत चिखल,
कुंपण आलं, गेलं.

आरशालाही वजन असतं,
म्हणून आरसा नव्हता.
बाबा मागे धावत होते
की नुसते उभे होते,
मला अजून माहीत नाही.